शेवटचे तीन मग

“पस्तीस,” मी म्हणाले, आणि मोजण्यात आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

खरे बत्तीसच झाले होते. बत्तीस मग तांदूळ परातीत धुऊन निथळत होते. शाळेमागच्या चुलाण्यावर भल्या मोठ्या तपेल्यात कांदा तांबूस व्हायला आला होता, आणि लांगरी आप्पा धुरानं डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते. त्यांनी शंका घेतली नाही. गणितात शंभरापैकी शंभर पडलेल्या मुलीवर कोण शंका घेणार?

“शाब्बास. आता सरक तिकडं,” ते म्हणाले. “शेवटचे तीन माझे.”

मग त्यांनी पोत्यात आपला तो जुना, कडेला टवके उडालेला पांढरा फौजी मग बुडवला. एक भरला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि ओतला. दुसरा भरला, पुटपुटले, ओतला. तिसराही तसाच. बत्तीस आणि तीन, पस्तीस. मगाला तीन माणसं, म्हणजे बरोबर एकशे पाच पानं. त्या दिवशी शाळेत जेवायला माणसंही बरोबर एकशे पाच होती. मी तोंड दुसरीकडं फिरवून हसले.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, सात डिसेंबरची. मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे आणि आधीपेक्षा खूपच शहाणी झाले आहे, असं माझं मत आहे. आईचं नाही.

सात डिसेंबर म्हणजे ध्वजदिन. इतर गावांत त्या दिवशी शाळेत छोटे कागदी झेंडे येतात, मुलं ते छातीला लावतात, फौजींसाठी मदतीचा डबा फिरतो आणि चौथ्या तासापर्यंत सगळे विसरतात. आमचं हिंगणमाळ तसं नाही. इथं घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला. त्यामुळं त्या दिवशी गावातले सगळे निवृत्त फौजी कडक इस्त्रीचे कपडे घालून, पदकं लावून शाळेत येतात, मुली त्यांच्या छातीवर झेंडे टाचतात, आणि मग फौजी आणि मुलं एकाच पंगतीला मसालेभात जेवतात.

भात करणार लांगरी आप्पा. खरं नाव हैबतराव निकम. ‘लांगरी’ म्हणजे फौजेतला आचारी. तेही माजी सैनिकच, पण पंगतीत कधी नाहीत. कायम तपेल्यापाशी. बाकीचे फौजी त्यांची फिरकी घ्यायचे. सुभेदार घाडगे तर दर वर्षी म्हणायचे की आम्ही दुश्मनाला गोळ्यांनी गारद केलं आणि हैबतीनं आम्हाला डाळीनं. आप्पा हसायचे आणि सुभेदारांच्या पानात नेमकी तिखट मिरची येईल अशी सोय करायचे. मीही एकदा विचारलं होतं की लाटण्यानं किती शत्रू मारले. ते म्हणाले, “मोजले न्हाईत गं. आमटीचा वास आला की आपलेआपनच पळायचे.”

त्यांच्या दोन खोडी सगळ्या गावाला पाठ होत्या.

पहिली म्हणजे, त्यांचं जेवण कधी कमी पडायचं नाही आणि कधी संपायचंही नाही. लग्न असो, बारसं असो, शाळा असो, शेवटी तपेल्यात थोडं उरायचंच. लोक म्हणायचे आप्पांचा अंदाज कच्चा. मी मात्र दोन वर्षं नीट लक्ष ठेवलं आणि शोध लावला की अंदाज मुळीच कच्चा नाही. ते माणसांपुरते मग घालतात आणि वर तीन जास्तीचे टाकतात. म्हणजे दर वेळी नऊच माणसांचं उरतं. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, “आप्पा, तुम्हाला नवाचाच पाढा येतो का?” त्यावर ते म्हणाले होते, “त्योच पाठ झालाय बघ.”

दुसरी खोड हाकेची. सगळ्यांचं जेवण उरकलं की आप्पा पळी हातात घेऊन फाटकापाशी जायचे आणि रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून तीनदा ओरडायचे, “कुणी राहिलंय का रं?” कुणीच राहिलेलं नसायचं. मग ते तपेलं झाकून दिवेलागणीपर्यंत बसून राहायचे आणि नंतर जो कुणी वाटेनं जाईल त्याला, ऊसतोडीच्या माणसांना, ट्रकवाल्याला, हाताला धरून वाढायचे. या हाकेची नक्कल आख्खी शाळा करायची. गृहपाठ कुणाचा राहिलाय असं सरांनी विचारलं की मागच्या बाकावरून आलीच, “कुणी राहिलंय का रं?” सगळ्यात हुबेहूब नक्कल मी करायचे, हे इथं नम्रपणे सांगते.

त्या वर्षी मी भोजनमंत्री झाले. आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. सहावीपर्यंत मी वर्गात तोंड उघडायची नाही. मग कुणीतरी गमतीत माझं नाव सुचवलं, मी उभी राहिले, भाषण केलं, निवडून आले, आणि त्यानंतर तोंड मिटलं नाही. मंत्री झाल्यावर मी एकच वचन दिलं होतं. तालुक्याची ‘स्वच्छ पातेलं’ ढाल शाळेला मिळवून देईन.

ही ढाल अन्न वाया न घालवणाऱ्या शाळेला मिळायची. तपासणीच्या मॅडम मोठ्या जेवणाच्या दिवशी यायच्या, आणि आमचं मोठं जेवण ध्वजदिनाचं. आदल्या दोन्ही वर्षी ताटं लख्ख होती, पण तपेल्यात आप्पांचं ते नऊ माणसांचं. दोन्ही वर्षी ढाल पलीकडच्या धामणखोरीला गेली. तिथं माझी मामेबहीण सानिका शिकते. दिवाळीला मामाकडं गेले की ती माझ्या पानात एक चकली जास्त टाकून म्हणायची, उरव हं, तुमच्यात पद्धत आहे ना. आता सांगा, कोण सहन करेल?

तर त्या सकाळी आप्पांचं मनगट दुखत होतं म्हणून त्यांनी तांदूळ मोजायचं काम माझ्याकडं दिलं, आणि मी बत्तीसला पस्तीस म्हणाले.

जेवणाआधी झेंडे लावायचा कार्यक्रम होता. त्या वर्षी झेंड्यांबरोबर फुलंही होती. इंग्रजीच्या टेंबरे सरांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात लोक नोव्हेंबरात लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी पॉपीचं लाल कागदी फूल कोटाला लावतात आणि ते घेताना दिलेली मदत माजी सैनिकांना जाते. सर आठवडाभर त्यानं भारावले होते. आम्हा मुलींकडून त्यांनी क्रेप कागदाची फुलं करून घेतली. आता हिंगणमाळात पॉपी पाहिलीय कुणी? मी आपली छान लाल पाकळ्या लावून मधे लांबलचक पिवळा तुरा काढला. सर म्हणाले, अगं, ही जास्वंद झाली. मग सगळ्यांचे तुरे कापावे लागले, तरी फुलं दिसायची जास्वंदच.

एक फूल लावायला सर आप्पांकडं आले आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजे खसखशीचं फूल की,” आप्पा म्हणाले. “आमी ती भाजून, वाटून रश्शात घालतो. छातीला लावायची तऱ्हा आजच कळली.”

सर हसले, पण नेटानं पुढं सांगत राहिले. लढाईनं उकरल्या गेलेल्या शेतांत ही फुलं आपोआप उगवली, जिथं माणसं पडली तिथंच, म्हणून ती लावतात.

आप्पांचा कोशिंबिरीचा कांदा चिरणारा हात थांबला. “आमच्या तिकडं भाताची खाचरं होती,” ते म्हणाले. “कापनी झालेली.”

सरांना हाक आली आणि ते गेले. फूल माझ्या हातात राहिलं. मी ते आप्पांच्या बंडीला टाचलं आणि म्हटलं, आता कसे नवरदेव दिसताय. ते म्हणाले, नवरी बघ मग, जरा कमी बोलणारी.

पंगत झक्कास झाली. मनगटामुळं त्या दिवशी वाढायचं काम मोठ्या पोरांकडं होतं आणि आप्पा फाटकापाशी सावलीत टेकले होते. मी पंगतीतून पोलिसासारखी फिरत होते. कुणी पानात शीत ठेवलं तर उभी राहून खायला लावत होते. सुभेदारांनासुद्धा मिरचीसकट पान पुसायला लावलं. शेवटच्या पंगतीतल्या शेवटच्या माणसाच्या पानात शेवटची पळी पडली आणि तपेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. असला गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

तपासणीच्या बर्गे मॅडम आल्या. जिथं तपासणी करायची तिथं जेवायचं नाही असा त्यांचा नियम होता, त्यामुळं बिचाऱ्या सकाळपासून उपाशीच होत्या. त्यांनी ताटं पाहिली, तपेल्यात वाकून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, शिल्लक शून्य. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापक त्यांना चहाला घेऊन गेले. मी दोन्ही हात वर करून मैदानाला एक चक्कर मारली. सानिकाला काय काय ऐकवायचं त्याची यादी धावता धावताच तयार झाली.

परत आले तेव्हा आप्पा फाटकातून येत होते. दोन हाका मी धावताना ऐकल्याच होत्या, तिसरी आत्ता झाली होती. ते तपेल्यापाशी आले आणि झाकण ठेवायला वाकले. तसेच वाकून राहिले.

मग त्यांनी तपेलं दोन्ही हातांनी उजेडाकडं कलतं केलं.

“प्रणोती,” त्यांनी हाक मारली. एरवी ते मला मंत्रीणबाई म्हणायचे. “पस्तीस घातलेस न्हवं?”

“हो आप्पा.”

“नीट मोजलेस?”

“हो.”

त्यांनी तपेलं हळूच खाली ठेवलं आणि चुलाण्याच्या कडेला बसले. “मग माजंच चुकलं,” ते म्हणाले. “माजे तीन घालायचे राहिले. वय झालं. इसरलो मी त्यांना.”

माणूस तांदूळ घालायला विसरला तर म्हणेल, विसरलो. ‘त्यांना’ विसरलो कोण म्हणतं?

“कुणाला आप्पा?”

ते टॉवेलनं पळीच पुसत बसले. मग एखादी पाककृती सांगावी तशा आवाजात बोलायला लागले.

एकाहत्तर सालची लढाई. पूर्वेला, बंगालात. दिवस ध्वजदिनाच्याच आगेमागचा. त्यांची चूल एका बांधाच्या आड होती आणि समोर लांबपर्यंत भाताची कापलेली खाचरं. उजाडताना पोरं पुढं गेली. आप्पा तेव्हा तेवीस वर्षांचे. जाता जाता त्यांच्यातला लाड म्हणून होता, तो म्हणाला, लांगरी, आज भात मऊ ठेव, काल शिजवलास तो बंदुकीत भरायच्या लायकीचा होता. सगळे हसले आणि गेले.

“दुपारनं आले तेवढे जेवले,” आप्पा म्हणाले. “नऊ जनांचं राहिलं. म्हनलं येतील मागनं, झाकून ठिवलं. दिवस कलला. साहेब आले आन् म्हनले, हैबती, तपेलं उलटं कर, पुढं निघायचंय. मी म्हनलं, साहेब, अजून नऊ जन राहिलेत जेवायचे. साहेबांनी टोपी काढली आन् तितंच बसले, मातीत.”

त्यांनी पुसलेली पळी मांडीवर ठेवली.

“भात मऊ झाल्ता त्या दिवशी,” ते म्हणाले. “तवापास्नं मी त्यांचं टाकतो. मगाला तिघं. नावं घिऊन टाकतो, म्हंजे कुनी सुटाय नको. पन्नास वर्सं झाली, एकदा चुकलो न्हाई. आज कसा इसरलो गं?”

ते मलाच विचारत होते. अगदी खरंखुरं विचारत होते, जसं आजारी माणूस डॉक्टरला विचारतो. मला वाटलं जमीन फाटली तर बरं. पण आमच्या शाळेची जमीन मुरमाड आहे, ती कशाला फाटते.

“तुम्ही नाही विसरलात,” मी म्हणाले. “मी बत्तीसच घातले होते. पस्तीस म्हणाले, पण बत्तीस होते.”

ते माझ्याकडं बघत राहिले.

“बत्तीस?”

“ढालीसाठी. म्हणजे काही उरू नये म्हणून.”

“आन् माजे तीन?”

“तुम्ही घातलेत. मी पाहिलं.”

“नावं घेतली व्हती?”

“पुटपुटला होतात. तिन्ही वेळा.”

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता पळी बसणार डोक्यात. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर आप्पा टॉवेलनं तोंड पुसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय म्हणून मी घाबरले. हसत होते.

“म्हंजे म्या इसरलो न्हवतो,” ते म्हणाले. आणि पुन्हा स्वतःशीच, “न्हवतो इसरलो.”

मग माझ्या डोक्यात टपली बसली. पळीची नव्हे, हाताची, आणि तीही फार जोरात नाही. “भामटे,” ते म्हणाले, “पन्नास वर्सांत मला कुनी फसिवलं न्हवतं. रेशनचा बाबूसुदा न्हाई. ऊठ. जाळ कर. तीन मग आन.”

मी पोत्यापाशी पळाले. पहिला मग भरून आणला तेव्हा आप्पांनी माझं मनगट धरलं आणि नावं घेतली. या वेळी मोठ्यानं, मला ऐकू येतील अशी.

“बाबर. मांढरे. यशवंता.” ओतला. “ह्यो बाबर फार खायचा. दोघांचं एकटा.”

“खरात, कणसे, डोईफोडे.” ओतला. “डोईफोडेला कांदा चालायचा न्हाई. वेचून वेचून माज्याच ताटात टाकायचा.”

तिसऱ्या मगाला त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “पिसाळ. सुभान मुलाणी. लाड.”

तांदूळ चुरचुरले. त्यांनी पाणी घातलं, अंगठ्यानं खोली बघितली आणि आणखी अर्धा मग घातलं. “मऊ पायजे,” ते म्हणाले.

मला अजून एक काम उरलं होतं. ऑफिसात मॅडम चहा पीत होत्या, मुख्याध्यापक आनंदानं बिस्किटांची बशी पुढं सरकवत होते, आणि मधे टेबलावर तो कागद होता. मी आत गेले.

“मॅडम,” मी म्हणाले, “ते शून्य खोडा. नऊ माणसांचं शिल्लक आहे.”

मुख्याध्यापकांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तिथंच बसलेले टेंबरे सर म्हणाले की पोरगी दमलीय. मॅडमनी चष्मा वर केला आणि तपेलं तर आपण स्वतः पाहिल्याचं सांगितलं.

“आत्ता शिजतंय.”

“जेवणं झाल्यावर? कुणासाठी?”

मी काय सांगणार? सगळं सांगायला लागले असते तर तिथंच भोकाड पसरलं असतं. “ते यायचे राहिलेत,” एवढंच म्हणाले.

त्याच वेळी बाहेरून हाक आली. भात शिजायच्या आतच आप्पा फाटकापाशी गेले होते. “कुणी राहिलंय का रं?” मागच्या बाकावरची दोन पोरं व्हरांड्यातून लगेच नक्कल करून मोकळी झाली. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून उभा असलेला तो म्हातारा, हातात पळी, बंडीला झेंडा आणि चुरगळलेलं लाल फूल. त्या दुसरी आणि तिसरी हाक होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

परत येऊन त्यांनी शून्यावर काट मारली, नऊ लिहिलं आणि सही केली. मला काहीही विचारलं नाही. जाताना मात्र त्या चुलाण्याकडं वळल्या, आणि संध्याकाळी आप्पांनी ज्यांना ज्यांना हाताला धरून वाढलं, त्यांतलं पहिलं पान त्यांचं होतं. तपासणी संपली होती ना.

ढाल धामणखोरीला गेली. सानिकानं ढालीबरोबर काढलेला फोटो पाठवला, वर तीन हसरे चेहरे. मी उलट काही पाठवलं नाही, आणि ती आजपर्यंत त्याचंच नवल करते आहे.

मागच्या डिसेंबरात आप्पांना पळी उचलवेना. त्यांनी चुलाण्यापाशी खुर्ची टाकून घेतली आणि शाल पांघरून हुकूम सोडत बसले. मोजायचं काम माझ्याकडंच होतं. छत्तीस मग झाले, आणि मी सवयीनं बाजूला सरले.

“कुठं निघालीस?” आप्पा म्हणाले. “टाक की.”

मी पोत्यात मग बुडवला. बाबर, मांढरे, यशवंता. खरात, कणसे, डोईफोडे. पिसाळ, सुभान मुलाणी... आणि नेमकं नववं नाव जिभेवर येईना. धुरानं डोळ्यांत पाणी आलं. धुरानंच.

“गनितात पयली न्हवं तू?” आप्पा म्हणाले. “नऊ येत न्हाईत व्हय मोजता?”

“लाड,” मी म्हणाले आणि मग ओतला.

टेंबरे सरांची फुलं त्या वर्षीही होती, आणि अजूनही जास्वंदच दिसत होती. एक उरलं होतं ते मी तपेल्याच्या झाकणावर ठेवलं. आप्पा म्हणाले, गणपती बसवलास का काय भातात. पण काढलं नाही त्यांनी.

सगळे जेवून उठल्यावर त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि मानेनं फाटक दाखवलं. मी गेले. समोर रस्ता, पलीकडं शेतं, उन्हात कुणी नाही. मागं सातवीची पोरं खुसुखुसु हसत नक्कल करायला टपून बसलेली. मला एकदम लाज वाटली. मी हाक मारली, पण ती जेमतेम फाटकापर्यंत गेली.

“अगं, मोठ्यानं,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “आन् तीनदा मार. लाड पयल्या हाकेला कवाच उठायचा न्हाई.”